तीन हजार दोनशे भागांची सासू

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. वक्त्या घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड येथे बचत गटांच्या सहयोगिनी आहेत.)

स्वयंपाक चालू असेल तर चालूच ठेवा, कान तेवढा इकडं द्या.

आज हप्ता, कर्ज, वही यातलं काही नाही. आज सिरियलवर बोलायचंय. हसू नका. गटाच्या बैठकीला मी गावोगाव जाते. सगळ्याजणी जमेपर्यंत आणि सचिवबाई वही उघडेपर्यंत जो अर्धा-पाऊण तास जातो, त्यात सिरियलच चाललेली असते. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा नवरा कुणाच्या नादी लागला, कुणी कुणाला दुधातून काय पाजलं. नवीन माणसाला वाटावं, शेजारच्या वाड्यातलंच बोलतायत. वरून भेटीला येणारे साहेब लोक म्हणतात, ताई, बायकांना जरा वळण लावा, वेळ वाया जातो. मला तसं वाटत नाही. त्या पाऊण तासात मला जे कळतं, ते गटाच्या एकाही वहीत लिहिलेलं नसतं. का, ते सांगते.

मराठीत सिरियली पुष्कळ झाल्या. पण आज ज्या तिशी-चाळिशीत आहेत त्यांना आणि त्यांच्या सासवांना एकच नाव सांगितलं तरी पुरतं: ‘चार दिवस सासूचे’. ई टीव्ही मराठीवर ही मालिका २००१ सालच्या शेवटी सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. तीन हजार दोनशे भाग. म्हणजे सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेलं लेकरू संपली तेव्हा पाचवी-सहावीत गेलं होतं. पुढं त्या चॅनलचं नावसुद्धा बदललं, २०१५ पासून त्याला कलर्स मराठी म्हणतात, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून ‘ईटीव्ही लाव’ असंच म्हणतात.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. देशमुखांचं मोठं घराणं, त्याची सगळी सूत्रं हातात असलेली करारी सासू आशा देशमुख आणि त्या घरात आलेली अनुराधा. आशाचं काम रोहिणी हट्टंगडींनी केलं, अनुराधाचं कविता लाड यांनी. कविताताई त्याआधी प्रशांत दामल्यांबरोबर ‘एका लग्नाची गोष्ट’ या नाटकानं घराघरात पोचल्या होत्या, पण ते शहरातल्या घराघरात. आपल्याकडं त्या पोचल्या अनुराधा म्हणून.

रोहिणीताईंबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण ही बाई समजून घेण्यासारखी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्या शिकल्या. १९८२ साली ‘गांधी’ सिनेमा आला, त्यात कस्तुरबा झाल्या त्या ह्याच. तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या आणि बा म्हाताऱ्या होईपर्यंतचं सगळं काम त्यांनीच केलं. त्याबद्दल इंग्लंडचा मोठा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढं ‘अग्निपथ’मध्ये अमिताभ बच्चनच्या आई झाल्या. अमिताभ त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे! सिनेमात बाईला म्हातारं करायला लई घाई असते. पण सासू झाल्यावर मात्र याच बाईनं अकरा वर्षं सगळ्या महाराष्ट्राला बांधून ठेवलं. ती मालिका संपली त्याच वर्षी त्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये आईआजी होऊन परत आल्या. त्या घरात तर जान्हवीला एक-दोन नाही, सहा सासवा होत्या.

आता आपण ते बघायचो कसं, हेही आठवा. ती सगळी भारनियमनाची वर्षं. लाईट कधी येईल, कधी जाईल त्याचा नेम नाही. संध्याकाळी ज्याच्याकडं टीव्ही आणि बॅटरी दोन्ही असेल त्याच्या ओसरीवर गर्दी. भाकरीचं पीठ मळून झाकून ठेवायचं आणि पळायचं. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याला जायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उसाच्या फडावरच्या कोपीत कुठला आलाय टीव्ही? त्या बाया पाच-सहा महिन्यांनी परत आल्या की पहिल्यांदा लेकराबाळांची चौकशी, मग पाण्याची, आणि मग हळूच, ‘अनुराधाचं काय झालं गं?’ आणि ज्या गावात राहिल्या होत्या त्या सांगायच्या. सहा महिन्यांची गोष्ट एका दुपारी, सोयाबीनचं बी निवडता निवडता. खरं सांगू, टीव्हीपेक्षा ते सांगणंच जास्त रंगायचं. नको ते गाळून, आपल्या मनाचं घालून.

पण सहा महिने गैरहजर राहून परत आलेल्या बाईला गोष्ट पुन्हा कळायची कशी? ती मुळात तशीच रचलेली असते. अशा मालिकांना इंग्रजीत सोप ऑपेरा म्हणतात, म्हणजे साबणाचं नाटक. आणि बायांनो, त्यांचा जन्म टीव्हीवर झालेला नाही, रेडिओवर झालाय. अमेरिकेत १९३० च्या सुमाराला साबण कंपन्यांनी विचार केला, दुपारी घरात कोण असतं? बाई. धुणं कोण धुतं? बाई. मग दुपारच्याला रेडिओवर रोज थोडी थोडी गोष्ट सांगायची आणि मध्ये कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात करायची. गोष्ट संपली तर साबण कसा खपेल? म्हणून ती संपवायचीच नाही. त्यातली ‘गाइडिंग लाइट’ नावाची एक मालिका १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला टीव्हीवर गेली आणि २००९ ला बंद पडली. बहात्तर वर्षं! आपली आशा देशमुख त्या मानानं लवकर सुटली म्हणायची.

एवढी वर्षं ओढायची म्हटल्यावर काय काय करावं लागतं ते तुम्ही जाणताच. लग्न मोडायचं, जुळवायचं. मेलेला माणूस परत आणायचा. एकदम काही वर्षं पुढं उडी मारायची. आणि माणूस बदलायचा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली शनाया आठवा. आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका. एका गटात यावरून दोन पक्ष पडले होते, पहिली शनाया चांगली की दुसरी. वाईट वागणाऱ्या बाईतसुद्धा चांगली कोणती हे ठरवायला आपल्याला वेळ होता.

आणि एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. मालिका किती लोक बघतात हे मोजायला काही घरांमध्ये टीव्हीला मीटर लावलेले असतात. त्यावरून जाहिरातीचे पैसे ठरतात, आणि पैशावरून कोणती गोष्ट चालवायची, कोणती बंद करायची ते ठरतं. ‘चार दिवस सासूचे’ चालू होती तेव्हा हे मीटर मुख्यतः शहरांतल्या घरांत होते. खेड्यातली घरं मोजणीत नीट धरायला सुरुवात झाली २०१५ च्या ऑक्टोबरात, बार्क नावाच्या संस्थेनं. म्हणजे ओसरीवर दाटीवाटीनं बसून आपण अकरा वर्षं जे पाहिलं, ते जवळजवळ कुणाच्या खातीच पडलं नाही. गोष्टीत पाटलांचे-देशमुखांचे वाडे येतात, बंगले येतात, पण फड नाही, मुकादम नाही, उचल नाही, त्याचं एक कारण हेही असेल असं मला वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या एका गटात एक सून होती. गावाचं नाव सांगत नाही. लग्नाला सहा वर्षं, दोन मुली. बैठकीत सासूही त्याच गटात, शेजारीच बसायची. सून कधी बोलायची नाही. सही करायची, बचत द्यायची, मान खाली. एकदा अशीच सिरियल चालली होती, घरात वारस हवा म्हणून सासू सुनेच्या मागं लागते असलं काहीतरी. आणि ही सून एकदम म्हणाली, ‘तिला कुणी विचारलं का, तिला तिसऱ्या खेपेला दिवस जायला पाहिजेत का म्हणून?’ सगळ्या गप्प. ती टीव्हीतल्या बाईचं बोलत होती, हो ना? कुणाला काही म्हणायची सोयच नव्हती. सासूबाई थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘माय, तिच्या सासूला तरी कुठं कुणी विचारलं होतं? तिलाबी तिच्या आत्याबाईनं असंच छळलं असंल.’

बघा. दोघी एकमेकींशी बोलल्या. घरात जे सहा वर्षांत जमलं नव्हतं ते बोलल्या, टीव्हीतल्या दोघींना मध्ये ठेवून. जात्यावर बसून बाया जे बोलायच्या तेही असंच असायचं, नाव सीतेचं आणि दुःख स्वतःचं. आता जातं गेलं. म्हणून साहेबांना मी सांगते, तो पाऊण तास मोडू नका.

आणि हे नुसतं माझ्या मनाचं नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अभ्यासकांनी २००१ ते २००३ या काळात भारतातल्या खेड्यांत फिरून पाहिलं होतं, गावात केबल आल्यावर बायकांच्या बोलण्यात काय फरक पडतो. नवऱ्यानं मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या कमी झाल्या. मुलगाच पाहिजे म्हणणाऱ्या कमी झाल्या. सगळं बदललं असं नाही. आपल्या बीड जिल्ह्याचंच बघा ना, २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं फक्त ८०७ मुली. महाराष्ट्रात सगळ्यात खाली आपण. तेव्हा ‘चार दिवस सासूचे’ रोज चालू होती आणि घराघरात केबल-डिश आलेली होती. म्हणून टीव्हीत वारस-वारस चालतं तेव्हा मी गटात मुद्दाम तिथंच थांबते. विचारते, वारस म्हणजे काय हो? कशाचा वारस? कुणाच्या नावावर काय आहे?

इथंच सिरियल आपल्याला फसवते. त्यात भांडण कशावरून असतं? तिजोरीच्या किल्ल्यांवरून. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या, सासूच्या की सुनेच्या? तीन-तीन महिने तेवढंच. मी एका बैठकीत विचारलं, तुमच्या घरी कपाटाची किल्ली कुणाकडं? सासवांनी छाती पुढं काढून सांगितलं, माझ्याकडं. मग विचारलं, ज्या घरात ते कपाट उभं आहे ते घर कुणाच्या नावावर? एक म्हणाली, मालकाच्या. एक म्हणाली, मालक गेले, आता पोराच्या. एक म्हणाली, अजून सासऱ्याच्याच नावावर आहे, सासरे जाऊन वीस वर्षं झाली. किल्लीसाठी भांडणाऱ्या दोघींपैकी कागदावर एकही नाही. सासूचे चार दिवस म्हणतात ते असे, नवरा असेपर्यंत किल्ली आणि वाटणी झाली की लेकांमध्ये महिना-महिना फिरायचं.

दुसरी गोष्ट, घराबाहेर काढण्याचा सीन. तो नसलेली मालिका मला दाखवा. रात्र, पाऊस, हातात पिशवी, ‘चालती हो माझ्या घरातून’, आणि ती बिचारी हुंदके देत उंबरा ओलांडते. सगळ्याजणी पदरानं डोळे पुसतात. बायांनो, २००६ च्या २६ ऑक्टोबरपासून आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू आहे. ती मालिका तेव्हा ऐन मध्यात होती. हा कायदा म्हणतो की घर तिच्या नावावर असो वा नसो, ज्या घरात ती नांदत होती तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, आणि तिला अशी उचलून बाहेर टाकता येत नाही. तशी वेळ आलीच तर तालुक्याच्या ठिकाणी संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं अर्ज द्यायचा, ते तो कोर्टापर्यंत नेतात. फोनवर १८१ लावला तरी महिला हेल्पलाईन मिळते, जिवावर बेतलं तर ११२. हा कायदा सासूलाही आहे बरं का. लेकानं आईला बाहेर काढलं तर तिलाही तोच.

तिसरं माहेरचं. मालिकेत सून माहेरी जाते ते फक्त रडायला. पण २००५ साली कायदा बदलला, ९ सप्टेंबरला, तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला भावाइतकाच जन्मानं वाटा आहे. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते यावरून लई भांडणं झाली, ती सुप्रीम कोर्टानं २०२० च्या ऑगस्टमध्ये मिटवली, ते बघायची गरज नाही म्हणून. आता कुणी म्हणेल, भावाशी वैर कोण घेईल? खरंय. राखी तुटते. मी कुणाला भांडायला लावत नाही. पण हक्कसोड पत्रावर अंगठा लावताना आपण काय सोडतोय ते माहीत असावं. नुसतं ‘दादा म्हणाला सही कर’ एवढ्यावर नाही.

सगळ्याच मालिका किल्लीवर अडकलेल्या नव्हत्या, हेही सांगायला पाहिजे. माझ्या लहानपणी दूरदर्शनच्या सह्याद्रीवर ‘दामिनी’ लागायची. मराठीतली पहिली रोजची मालिका. प्रतीक्षा लोणकर तिच्यात पत्रकार झाल्या होत्या. या आपल्या मराठवाड्याच्या, औरंगाबादच्या नाटकवाल्या मंडळींत घडलेल्या. दामिनी पर्स खांद्याला लावून कामाला निघायची. पुढं ‘आभाळमाया’त सुकन्या कुलकर्णींनी केलेली सुधा जोशी कॉलेजात शिकवायची. मला बीए करायचंच असं जे डोक्यात बसलं त्यात थोडा वाटा या दोघींचा आहे, नाही कशाला म्हणू?

तिकडं दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथं १९६९ साली एक मालिका आली, ‘सिम्प्लेमेंते मारिया’. खेड्यातली मुलगी शहरात धुणीभांडी करायला जाते, शिवण शिकते, शिवणावर मोठी होते. तर खरोखरच बायका शिलाई मशीन घ्यायला लागल्या, शिवणाच्या वर्गांना गर्दी झाली. ते पाहून मेक्सिकोत लोकांना शिक्षणाकडं वळवणाऱ्या मालिका निघाल्या. आपले वसंत साठे केंद्रात नभोवाणी मंत्री होते, ते मेक्सिकोत जाऊन हे बघून आले आणि त्यातून १९८४ ला ‘हम लोग’ आली. तर गोष्टीत ताकद असते.

पण ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली राधिका आपल्या जास्त जवळची. अनिता दातेंनी केलेली. नागपूरकडची बोली बोलणारी, नवऱ्यानं टाकलेली, आणि मसाले करून मोठी झालेली. बायांनो, आपल्यातला दर तिसरा गट मसाला करतो! त्यामुळं ही मालिका आम्ही कामाच्या नजरेनं बघितली. काळा मसाला कांडून पाकिटात भरला की झाला धंदा, असं वाटून दोन गट जोरात उतरले. राधिकाला अन्न परवाना काढताना आम्ही पाहिलं नव्हतं. पाकिटावर तारीख, वजन, परवाना नंबर छापावा लागतो, खोबऱ्याचा भाव एकदम वर गेला की जुन्या दरात माल देऊन तोटा होतो, किराणा दुकानदार माल ठेवून घेतो पण पैसे दिवाळीनंतर देतो. हे सगळं भागाच्या मधल्या जाहिरातीत होत असावं. तरी एक गट टिकला. त्यांच्या अध्यक्षबाई उधारी मागायला दुकानात जाताना म्हणतात, ‘चला, आज राधिका व्हायचंय.’

आता कामाचं. पुढच्या बैठकीत वही उघडायच्या आधी तुम्ही जी सिरियल बघता तिच्यावर बोला, रोजच्यासारखंच. फक्त तीन प्रश्न मध्ये टाका. हे घर कुणाच्या नावावर आहे? हिचा पैसा कुठून येतो आणि पासबुक कुणाकडं असतं? हिला बाहेर काढलं तर ही कुठं जाईल? आधी टीव्हीतल्या बाईचं उत्तर द्या. स्वतःचं लगेच द्यायची सक्ती कुणावर करू नका, सासू-सून एका गटात असतात तिथं तर नकोच. ते आपोआप येतं.

ज्या गटाचं मी मघाशी सांगितलं, किल्लीवाल्या सासवांचा, त्या सगळ्या मिळून एका सोमवारी ग्रामपंचायतीत गेल्या. घराची नोंद ग्रामपंचायतीत असते, तिला नमुना नंबर ८ म्हणतात. शेताचा सातबारा आणि ८-अ तलाठ्याकडं, ते वेगळं, त्यात गोंधळ करू नका. घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावावीत असा निर्णय सरकारनं २००३ सालीच काढलेला आहे. ग्रामसेवक भाऊसाहेब आधी म्हणाले, मालकांना पाठवा. बाया म्हणाल्या, आम्हाला फक्त उतारा बघायचाय, फी किती ते सांगा. उतारे निघाले. चौदाजणींच्या गटात दोघींचीच नावं लागलेली होती, आणि त्यातली एक विधवा.

तेव्हापासून सातजणींनी नवऱ्याच्या संमतीनं अर्ज दिलेत. तीन नावं लागली. चारांचे नवरे अजून ‘बघू’ म्हणतायत. ती न बोलणारी सून दुसऱ्या गटातली, पण तिच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि मला वाटेत गाठून विचारलं, ‘ताई, एका घरावर तीन नावं लागतात का? लेकाचं, माझं अन् हिचं?’ मी म्हटलं, कागद घेऊन या, भाऊसाहेबांना विचारू. सोमवारी येणार आहेत त्या दोघी.

पुढच्या भाषणात खोबऱ्याच्या भावाचं आणि मसाल्याच्या पाकिटाचं सविस्तर सांगते. आता तुमच्या सिरियलची वेळ झाली असेल. नमस्कार.